सागराचे गणित आणि समाजाचे कर्तव्य



नारळी पौर्णिमेला ज्या सागराची पूजा होते, त्याच सागरात मुंबईचे सांडपाणी दररोज मिसळते. श्रद्धा आणि आचरण यांतील हे अंतर आता गणिताने मोजता येते.

किनारी पाण्याचे गणिती प्रारूप म्हणजे निसर्गाच्या जमाखर्चाची वहीच होय. समुद्राचे काल्पनिक तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यात भरतीने किती पाणी आणले, नाल्यांनी किती घाण ओतली आणि ती कुजताना किती प्राणवायू खर्ची पडला, याची समीकरणे संगणकाकडून सोडवून घ्यायची. १९२५ मध्ये अमेरिकेतील ओहायो नदीच्या अभ्यासातून स्ट्रीटर व फेल्प्स यांनी मांडलेले प्राणवायूचे समीकरण हे या शास्त्रातील एक पायाभूत पाऊल मानले जाते.

परंतु नदी एकाच दिशेने वाहते. सागर परत येतो. मुंबईच्या किनाऱ्यावर सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा भरती येते आणि ओहोटीबरोबर गेलेली घाण खाडीत परतू शकते. वरळी आणि वांद्रे येथे सांडपाणी तीन किलोमीटरांहून अधिक आत नेऊन सोडण्यामागे, ते खोल पाण्यात लवकर विरळ व्हावे, हाच विचार आहे. मात्र मिठी नदीतून माहीमच्या खाडीत थेट उतरणाऱ्या मैल्याला तो लाभ मिळत नाही. शिवाय विरळ होणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे.

या विद्येसाठी भारताला परक्याच्या दारी जाण्याचे कारण नाही. खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून, तर गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून कार्यरत आहे. तथापि, प्रारूप कितीही सूक्ष्म असले, तरी ते प्रत्यक्ष मोजमापांवर पारखावे लागते. चुकीचे आकडे भरले, तर संगणक चुकीचेच उत्तर तितक्याच सफाईने देतो.

खाडीतील प्राणवायू घटला की पहिला घाव कोळी बांधवांच्या जाळ्यावर बसतो. म्हणून अशा अभ्यासांचे निष्कर्ष कपाटात न राहता कोळीवाड्यापर्यंत आणि महापालिकेच्या सभागृहापर्यंत पोहोचले पाहिजेत. सागर किती सोसू शकेल, हे गणित सांगेल. त्याला किती सोसायला लावायचे, याचा निर्णय समाजालाच करावा लागेल. तो निर्णय योग्य झाला, तरच अर्पण केलेल्या नारळाला अर्थ राहील.