बाळाच्या घरी आधी पोचते ती

आज वैद्यकीय पदवी घेतलेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

तुमच्यातले बरेच जण आता बंधपत्रित सेवेसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू व्हाल. कुणी भामरागड-एटापल्लीला जाल, कुणी धारणी-चिखलदऱ्याला, कुणी अक्कलकुव्याला. निघण्याआधी गडचिरोलीची हकिकत नीट ऐकून जा.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली तिथे 'सर्च' संस्था सुरू केली. १९८८ मध्ये त्यांच्या भागातल्या गावांत हजारामागे १२१ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. न्यूमोनिया हे त्यातलं एक मोठं कारण. औषध स्वस्त होतं, तोंडाने देता येत होतं. अडत होतं ते आजार ओळखण्यापाशी. त्यासाठी बाळाचे मिनिटाला किती श्वास होतात ते मोजावं लागतं, आणि गावातल्या सुइणींना बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं.

मग त्यांच्यासाठी एक साधं साधन तयार झालं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर त्याच्या ओळीत सहावा मणी लाल, मोठं असेल तर पाचवा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं. सुईण अंगठेबहाद्दर आहे म्हणून तिला कुणी बाजूला सारलं नाही, तिला जमेल अशी मोजणीच घडवली. माझ्या मते हे फार मोठ्या तोलाचं वैद्यकीय संशोधन आहे.

पुढचा प्रश्न नवजात बाळांचा होता. तेव्हा बहुतेक बाळंतपणं घरीच होत. आजारी तान्ह्याला घेऊन लांबचा दवाखाना गाठणं कित्येक घरांना शक्यच नव्हतं. म्हणून ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका निवडल्या, त्यांना 'आरोग्यदूत' केलं. बाळाचं वजन आणि ताप बघणं, त्याला उबेत ठेवणं, न रडणाऱ्या बाळाला श्वास देणं, एवढंच त्या शिकल्या नाहीत. जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायलाही शिकल्या. डॉक्टर नसलेल्या बाईच्या हातात सुई द्यायची का, ही शंका कुणालाही यावी, आणि ती रास्तच होती. तिचं उत्तर १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आकड्यांनी मिळालं: तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते.

याच धर्तीवर २०११ मध्ये केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर 'आशां'कडे, म्हणजे गावातल्याच आरोग्य स्वयंसेविकांकडे, सोपवला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. या सगळ्या भेटींचा मिळून मोबदला ठरला २५० रुपये. कागदावर ती स्वयंसेविकाच. एका जीवावर सहा आठवडे नजर ठेवण्याची ही किंमत मला लाजिरवाणी वाटते, आणि ती लाज आपल्या सगळ्यांची आहे.

आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, मग हे सगळं जुनं झालं, असं कुणी म्हणेल. तसं नाही. बाळंतीण दोन-तीन दिवसांत घरी जाते. कमी वजनाचं बाळ गार पडतं, दूध ओढेनासं होतं, ते त्यानंतर, घरी. तिथे तुम्ही नसता. सासू असते, आई असते आणि वेळेवर आली तर आशाताई असते.

म्हणून तुमच्याकडे माझी मागणी आहे. केंद्रावरच्या मासिक बैठकीत तिला खुर्ची द्या आणि नोंदवही तपासण्याआधी गावात काय चाललंय ते विचारा. तुम्हाला येतं ते तिला शिकवा, हातचं राखू नका. आणि रात्री दोन वाजता ती एखादं बाळ घेऊन दारात उभी राहिली, तर आधी बाळाला तपासायला घ्या, कागद नंतर मागा.