शिपायाची हद्दपारी



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून एका गृहस्थांनी मघाशी मला दारातच अडवले. "अमेरिकेने आपले शिपाई हाकलले, तर त्याची काळजी अलिबागकरांनी का वाहावी?" असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे. त्याचा जबाब दिल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे.

हद्दपारी हा शब्द आपल्या जिल्ह्याला परका नाही. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्यास लष्करी हिशेबखात्यात नोकरीला होते. बंडानंतर इंग्रजांनी त्यांना एडनला धाडले, आणि १८८३ साली तेथेच त्यांचा अंत झाला. ही झाली परक्या सरकारची गोष्ट. आपल्या राज्यातही तडीपारी आहेच. १९५१ च्या पोलीस कायद्यात तिची तरतूद आहे. परंतु त्याच कायद्याने तिला मुदतही घातली आहे. दोन वर्षांहून अधिक काळ कोणालाही तडीपार करता येत नाही. मुदत संपली की तो इसम गावी परततो आणि आपल्या ओट्यावर बसतो. शेजाऱ्यांना ते आवडो वा न आवडो, माणूस वाईट असला तरी आपला आहे, हे कायद्याने मनाशी धरलेले असते.

आज ज्यांची हकीकत सांगायची आहे, त्यांच्या तडीपारीला मुदतच नाही. आणि ती फर्मावणारे सरकार तेच, ज्याच्यासाठी ही माणसे रणांगणावर उभी राहिली होती.

अमेरिकेच्या सैन्यात भरती होण्यासाठी तेथील नागरिक असावेच लागते असे नाही. कायम वास्तव्याचा परवाना, ज्याला ग्रीन कार्ड म्हणतात, तो असला तरी पुरे. असे हजारो तरुण त्या सैन्यात आहेत. कोणी मेक्सिकोतून आईबापांच्या कडेवर बसून आला, कोणी जमैकातून, कोणी फिलिपाइन्समधून. युद्धकाळात अशा शिपायाला लगेच नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. मात्र अर्ज त्याने स्वतः करावा लागतो. ते आपोआप पदरात पडत नाही. आता अठरा वर्षांच्या पोराचा विचार करा. त्याने हात वर करून त्या देशाच्या घटनेच्या रक्षणाची शपथ घेतली, अंगावर गणवेश चढला. आपण नागरिक झालो, अशी कित्येकांची प्रामाणिक समजूत झाली. कित्येकांनी अर्ज केला आणि पलटण परदेशी हलल्यावर कागद मागेच राहिले.

पुढे लढाई संपते. शिपाई घरी येतो, पण मन घरी येत नाही. झोप उडते, दारू जवळ येते, दारूमागून अफूगांजाची भावंडे येतात, आणि एक दिवस हातून गुन्हा घडतो. न्यायाधीश शिक्षा देतात, तो ती भोगतो. नागरिक असता तर तुरुंगाच्या दारातून तो घरी गेला असता. हा नागरिक नाही, म्हणून त्याला त्याच दारातून दुसऱ्या कोठडीत नेतात आणि तेथून विमानात बसवतात.

ही कडक व्यवस्था १९९६ सालच्या कायद्याने आली. 'घोर गुन्हा' या सदराखाली त्या कायद्याने इतके गुन्हे लोटले, की एक वर्षाची शिक्षा झालेली चोरीसुद्धा त्यात बसली. मग ती शिक्षा स्थगित का असेना. कायद्यापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांनाही तो लागू झाला. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे न्यायाधीशाचे हात बांधले गेले. हा मनुष्य किती वर्षे येथे राहिला, याची बायकामुले कोठे आहेत, याने लष्करात काय केले, हे त्याने तोलायचेच नाही. तराजू आहे, पण एका पारड्यात काही घालण्याची मनाई आहे!

हेक्टर बाराहास यांचे उदाहरण घ्या. सातव्या वर्षी ते मेक्सिकोतून अमेरिकेत आले. पुढे छत्रीधारी पलटणीत त्यांनी नोकरी केली. सैन्यातून बाहेर पडल्यावर माणसे बसलेल्या मोटारीवर गोळी झाडल्याच्या गुन्ह्यात त्यांना शिक्षा झाली. हा गुन्हा किरकोळ नव्हे, आणि तो मी झाकू इच्छीत नाही. शिक्षा भोगल्यावर त्यांची मेक्सिकोत रवानगी झाली. तेथे सरहद्दीवरच्या तिहुआना शहरात त्यांनी आपल्यासारख्या हद्दपार शिपायांसाठी एक आसरा उघडला. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी त्यांना माफी दिली आणि २०१८ मध्ये ते नागरिक झाले. मिगेल पेरेझ दोनदा अफगाणिस्तानात जाऊन आले होते. कोकेनच्या गुन्ह्यात ते तुरुंगात गेले, २०१८ च्या मार्चमध्ये हद्दपार झाले आणि इलिनॉयच्या गव्हर्नरांच्या माफीमुळे २०१९ मध्ये परत येऊन नागरिक बनले. या दोघांना गव्हर्नर भेटले. प्रत्येकाला कसे भेटणार?

अमेरिकन संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने २०१९ मध्ये अहवाल दिला. २०१३ ते २०१८ या काळात सुमारे २५० माजी सैनिकांवर हद्दपारीची कारवाई झाली वा सुरू झाली, असे त्यात आहे. असे प्रकरण आले तर सेवेचा विचार करावा असा खात्याचाच नियम होता. तो सर्वत्र पाळला गेला नाही आणि धड नोंदही ठेवली गेली नाही, असेही त्यात म्हटले आहे. २०२१ मध्ये तेथील सरकारने अशांना परत आणण्याची योजना जाहीर केली, काही जण परतलेही. १९९६ चा कायदा मात्र तसाच राहिला.

यातली एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. सन्मानाने निवृत्त झालेला असा शिपाई हद्दपारीत वारला, तर त्याचा देह अमेरिकेत आणून राष्ट्रीय दफनभूमीत, ध्वजासह, मानाने पुरता येतो. जिवंतपणी लष्करी दवाखान्याची पायरी चढता येत नाही, मेल्यावर दार उघडते!

आता दारातल्या गृहस्थांकडे वळतो. ही गोष्ट आपली कशी? पहिल्या महायुद्धात कोकणकिनाऱ्याचे खलाशी इंग्रजांच्या आगबोटींवर होते. त्या युद्धात बुडालेल्या दोन हजारांवर दर्यावर्दींचे स्मारक मुंबईत खलाशांच्या वसतिगृहात आहे. युद्ध संपले, विलायतेत कामधंदा घटला, आणि १९२५ साली तेथे हुकूम निघाला, की काळ्या वर्णाच्या ज्या खलाशाजवळ ब्रिटिश प्रजाजन असल्याचा दाखला नसेल, त्याने परका म्हणून पोलिसांत नोंद करावी. कार्डिफसारख्या बंदरात खरेखुरे प्रजाजनही या हुकुमाने परके ठरले आणि हद्दपारीची टांगती तलवार त्यांच्या डोक्यावर आली. पाणसुरुंगाने बोट फुटली तेव्हा दाखला कोणी विचारला नव्हता.

दुसरी गोष्ट खुद्द अमेरिकेतली. भगतसिंग थिंड हे पंजाबी गृहस्थ १९१८ मध्ये अमेरिकन सैन्यात होते आणि चांगल्या वर्तणुकीच्या शेऱ्यासह बाहेर पडले. त्यांना नागरिकत्व मिळाले, काढले गेले, पुन्हा मिळाले. आणि १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, हे 'गोरे' नव्हेत म्हणून, त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. त्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. नाव ऐकूनच आपल्याला जवळचे वाटावे! पंडित स्वतः १९१४ पासून नागरिक होते. थिंड हरताच सरकारने पंडितांचेही नागरिकत्व काढायला घेतले. पंडित कोर्टात म्हणाले, तुमच्या शब्दावर विसंबून मी हिंदुस्थानातला वारसा सोडला, वकिलीची सनद घेतली, संसार थाटला. आता तुम्ही शब्द फिरवला तर मी कोठे जाऊ? १९२६ मध्ये वरिष्ठ कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. एकदा झालेला निवाडा सरकारलाही मोडता येत नाही, हे त्यातले सार. थिंड यांना शेवटी १९३६ मध्ये नागरिकत्व मिळाले, तेही पहिल्या महायुद्धातील शिपायांसाठी केलेल्या खास कायद्याने.

कोणी म्हणेल, शिपाई झाला म्हणून गुन्हा माफ का? मुळीच नाही. ज्याच्यावर गोळी झाडली गेली त्याला गोळी झाडणाराचे पदक दिसत नाही, आणि दिसूही नये. गुन्ह्याची शिक्षा त्याला पुरेपूर व्हावी. माझे म्हणणे एवढेच, की ती शिक्षा नागरिकाला होते तीच असावी आणि एकदाच असावी. शपथ घेताना ज्या राष्ट्राने त्याला आपला म्हटले, त्या राष्ट्राने त्याची पापेही आपली म्हणून सोसली पाहिजेत. घरातल्या कर्त्या मुलाने वाट सोडली तर बाप त्याला शिक्षा करतो. हा आमचा मुलगाच नव्हे असे शेजाऱ्याला सांगत नाही.

दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवताना आपलेही अंगण पाहावे. २०१९ मध्ये आसामात महंमद सनाउल्ला या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांना परकीय ठरवून कोठडीत टाकले गेले. तीस वर्षे भारतीय सैन्यात काढलेला हा माणूस. त्यांनी गुन्हाही केला नव्हता. उच्च न्यायालयाने जामीन दिला तेव्हा ते बाहेर आले. ज्या सरकारने तीस वर्षे पगार दिला, त्याच सरकारच्या दुसऱ्या खात्याला ते ओळखू आले नाहीत.

म्हणून उपाय अवघड नाही. शिपायाच्या हाती बंदूक द्याल त्याच दिवशी त्याचा नागरिकत्वाचा कागद पुरा करा. राहून गेला असेल, तर न्यायाधीशाला दोन्ही पारडी वापरू द्या.

आपल्या जिल्ह्यातली मुले आज दूरदेशी जातात, तिकडेच घरे करतात. उद्या त्यांतला एखादा तेथला गणवेश अंगावर चढवील. तो दिवस आला की दारातल्या त्या गृहस्थांनी एवढेच करावे: अभिनंदनाच्या पत्राखाली एक ओळ जादा लिहावी, 'बाबा रे, तुझे कागद पुरे झाले का?'