वाद टाळून मैत्री टिकते का?



डेल कार्नेगी यांचं ‘हाऊ टू विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुएन्स पीपल’ तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. १९३६ साली, अमेरिकेत महामंदी असताना ते प्रसिद्ध झालं. कार्नेगी १९१२पासून न्यूयॉर्कमध्ये भाषणकलेचे वर्ग घेत होते. तिथे विक्रेते, नोकरदार, व्यावसायिक यायचे. समोरचा दुखावला तर गिऱ्हाईक जातं, बढती हुकते, हा त्यांचा रोजचा अनुभव. पुस्तकातले सल्ले अशा माणसांसाठी आहेत, हे आपण विसरतो.

सल्ले साधे आहेत. टीका करू नका, समोरच्याचं नाव लक्षात ठेवा, त्याचं ऐकून घ्या, आपली चूक असेल तर लगेच कबूल करा. हे आजही शंभर टक्के खरं आहे. हातातला मोबाइल बाजूला ठेवून कुणी आपलं ऐकलं, तर केवढं बरं वाटतं!

माझी अडचण एकाच सल्ल्याशी आहे : वाद टाळा.

माझा एक शाळेपासूनचा मित्र. ईदला आमच्याकडे शिरखुर्मा, दिवाळीला त्याच्याकडे फराळ. काही वर्षांपूर्वी तो आमच्या ग्रुपवर मुसलमानांविषयी वाटेल ते मेसेज पुढे पाठवू लागला. मी वाद टाळला. मैत्री टिकावी म्हणून वर्षभर गप्प बसलो. भांडण झालं नाही, पण मी त्याच्या घरी जाणं थांबवलं. वाद टळला आणि मैत्रीही आटत गेली.

कार्नेगींचा आवडता नायक अब्राहम लिंकन. त्यांनी १९३२ साली लिंकनचं चरित्र लिहिलं होतं. १८६३मध्ये गेटिसबर्गच्या लढाईनंतर लिंकननी जनरल मीड यांना एक कडक पत्र लिहिलं, पण पाठवलं नाही. कार्नेगी हा दाखला देतात, आणि तो योग्यच आहे. पण याच लिंकननी १८५८मध्ये स्टीफन डग्लस यांच्याशी गुलामगिरीच्या प्रश्नावर सात जाहीर वादसभा केल्या. सिनेटची ती जागा डग्लसना मिळाली. पुढे १८६१मध्ये यादवी युद्ध पेटलं, तेव्हा हेच डग्लस राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या पाठीशी उभे राहिले.

म्हणजे माणसाला खाली पाहायला लावणं वेगळं आणि प्रश्नाला भिडणं वेगळं. पहिलं टाळावं. दुसरं टाळलं तर आपण समोरच्याला आपला मानत नाही, असाच अर्थ होतो. गिऱ्हाइकाशी वाद घालू नये, हे ठीक. पण मित्र म्हणजे गिऱ्हाईक नव्हे.

शेवटी मी मित्राच्या घरी गेलो. ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. म्हटलं, “तू पाठवतोस त्यातले ‘ते लोक’ म्हणजे मी आहे रे.” तो आधी चिडला. “तुझ्याबद्दल कुठे आहे ते?” म्हणाला. आम्ही दोन तास भांडलो. त्याच्या काही तक्रारी मलाही मान्य कराव्या लागल्या. वहिनींनी मध्येच चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

त्याची सगळी मतं बदलली, असं मी म्हणणार नाही. पण आता काही आलं की तो आधी मला फोन करतो, “हे खरं आहे का रे?” आणि आम्ही पुन्हा भांडतो.

तेव्हा कार्नेगी जरूर वाचा. फक्त आज घरी जाताना आठवून पाहा, वाद नको म्हणून आपण कुणाकडे जायचं थांबलो आहोत.