झेंडूला खत-पाणी बेतानं

तुळजापूरच्या नवरात्रापासून दिवाळीपर्यंत आपल्याकडं झेंडू लागतोच, आणि सणाच्या तोंडावर त्याचा भाव कधी चढेल सांगता येत नाही. म्हणून गटातल्या बऱ्याच जणींनी दारात, जुन्या डब्यात, कुंडीत झेंडू लावलाय. पण तक्रार एकच येते, "ताई, झाड कमरेएवढं झालं, फूल मात्र नाही."

याला बहुतेक वेळा युरिया कारण असतो. शेतातला उरलेला मूठभर युरिया आपण कुंडीत टाकतो. त्यातल्या नत्रानं पाला माजतो, कळी लांबते. लावतानाच दोन भाग मातीत एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. पुढं महिन्याला मूठभर गांडूळखत पुरे. लावणीनंतर महिन्यानं शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतात आणि फुलं वाढतात.

आता पाणी. आपल्या जिल्ह्यात हंडाभर पाण्याचं मोल वेगळं सांगायला नको. बोटाचं एक पेर मातीत घाला. ओल लागली तर पाणी देऊ नका. दुपारी पानं मलूल दिसली तरी थांबा, ओल असेल तर सांजेला ती सावरतात. पाणी सकाळी, बुडाशी द्या. तांदूळ-भाजी धुतलेलं चालतं, साबणाचं नको. कुंडीला खाली भोक हवंच, नाहीतर मुळं कुजतात. मातीवर पालापाचोळा अंथरा, ओल टिकते. कळ्या दिसल्या की मात्र पाण्याचा ताण पडू देऊ नका, फूल बारीक राहतं.

यंदा दसऱ्याचं तोरण घरच्या फुलांचं बांधू. उरलेल्या फुलांचे हार गटानं मिळून विकले, तर ते पैसे आपल्याच बचतीत येतील.