कोपरा धूसर, म्हणून लेन्स वाईट?

दोन वाइड अँगल लेन्समधली उजवी कोणती हे आपण बहुतेक जण एकाच रीतीने ठरवतो. ट्रायपॉड लावायचा, मधोमध फोकस करायचा, दूरच्या डोंगराचा फोटो काढायचा आणि तो पडद्यावर मोठा करून कोपरे न्याहाळायचे. कोपरा धूसर दिसला की लेन्स बाद. या घाईत चांगल्या लेन्सवर अन्याय होतो, हे मला आज तळमळीने सांगायचे आहे.

सेन्सर सपाट असतो. पण साधे बहिर्वक्र भिंग सपाट भिंतीचीही प्रतिमा वाटीसारख्या पृष्ठभागावर उमटवते. हेच फील्ड कर्व्हेचर. याचे गणित व्हिएन्नातले प्राध्यापक जोसेफ पेट्झवाल यांनी मांडले. १८४० साली त्यांनीच रचलेली पोर्ट्रेट लेन्स मध्यभागी चेहरा सुरेख टिपायची, कडांना मात्र विरघळायची. त्यांचा नियम असा, की ही वक्रता प्रत्येक भिंगाची शक्ती आणि काचेचा अपवर्तनांक यांवर ठरते. भिंगांमधल्या अंतरावर नाही. १.५ अपवर्तनांकाच्या एकाच पातळ भिंगाने २४ मिलिमीटरची लेन्स केली, तर त्या वाटीची त्रिज्या ३६ मिलिमीटर येते. फुल फ्रेम सेन्सरच्या कोपऱ्यात प्रतिमा सुमारे ७ मिलिमीटर अलीकडेच पडेल!

रचनाकार अंतर्वक्र भिंगे योजून ही वक्रता जवळजवळ मिटवतात. जवळजवळच. समजा कोपऱ्यात ०.१ मिलिमीटर उरली. एफ २.८ ला तिथे बिंदूचा ठिपका ०.०३६ मिलिमीटरचा होतो, एफ ८ ला ०.०१२५ चा. म्हणजे अॅपर्चर लहान करताच कोपरा ‘सुधारतो’.

खरी गंमत पुढेच आहे. प्रतिमा लेन्सकडे वाकलेली असेल, तर मध्यभागी अनंतावर फोकस असताना त्या कोपऱ्यात सुमारे पावणेसहा मीटरवरची वस्तू रेखीव येते. तिथे दूरचे झाड असेल तर ते सॉफ्ट दिसणारच. आता हीच लेन्स घेऊन हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जा. मध्ये दूरवरचे कोकण, दोन्ही बाजूंना जवळ आलेली कड्याची कातळभिंत. सपाट चार्टवर हरलेली लेन्स इथे कडा चांगल्या देऊ शकते. मिनोल्टाने तर १९७०च्या दशकात वक्रता हवी तशी बदलता येणारी २४ मिलिमीटरची व्हीएफसी लेन्स विकायला काढली होती. वक्रतेला साधन मानणारी ही दृष्टी मला फार मोलाची वाटते.

दोष ओळखायचा कसा? ट्रायपॉड न हलवता, अॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून दुसरा फोटो घ्या. या वेळी फोकस कोपऱ्यावर करा. कोपरा रेखीव झाला, तर मुख्य कारण वक्रता. तरीही धूसर राहिला, तर अॅस्टिग्मॅटिझम, कोमा यांसारखे दोष शोधा. एकच बाजू बिघडलेली दिसली, तर बहुधा भिंग तिरके बसले आहे. ती त्या नगाची खोट, रचनेची नव्हे. खडीच्या सपाट मैदानाचा तिरका फोटोही बोलका असतो: रेखीव खडीचा पट्टा सरळ आहे, वाकला आहे की नागमोडी, हे उघड दिसते. काही वाइड अँगल लेन्समध्ये तो मधल्या भागात एकीकडे आणि कडेला दुसरीकडे वळतो; तिथे एका कोपऱ्यावरून काहीच ठरत नाही.

म्हणून लेन्सची परीक्षणे लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे: कोपऱ्याचे चित्र छापाल तेव्हा फोकस कुठे केला होता, वस्तू किती अंतरावर होती आणि अॅपर्चर किती होते, ते त्याच्याखाली लिहा.