मासा मापावा की जोखावा?

(पाचगणी येथील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



परिमाणांच्या अध्यापनाविषयी मी आज चार शब्द बोलावेत, अशी सूचना आहे. लांबी, वजन आणि धारकता यांचे पाठ आपण सर्वच जण घेतो. एककांचे रूपांतर आपल्या मुलांना बऱ्यापैकी येते. एका किलोग्रॅमचे ग्रॅम किती, हे मुलगा न अडखळता सांगतो. परंतु अमुक वस्तू मापावी की जोखावी आणि ते का, असे त्याला विचारले तर तो आपल्या तोंडाकडे पाहू लागतो. त्यात त्याचा दोष नाही; हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो. पाठ्यपुस्तकात दोर मापायचा असतो व साखर जोखायची असते, हे आधीच ठरलेले असते. म्हणून जी वस्तू दोन्ही रीतींनी घेता येते आणि दोन्ही रीतींनी निराळे उत्तर देते, अशी एकच वस्तू मी आज घेणार आहे. ती म्हणजे मासा.

येथून पठाराच्या कडेला गेले की खाली कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचा जलाशय दिसतो. अशा जलाशयावर जाळे ओढून झाल्यावर कोणी विचारतो, ‘केवढा मिळाला?’ एक जण दोन्ही हात पसरून दाखवितो, तर दुसरा ‘दोन किलोचा’ असे सांगतो. दोघांनाही वाटते की आपण एकाच प्रश्नाचे उत्तर दिले. वस्तुतः प्रश्न दोन आहेत, आणि ते दोन आहेत हे मुलांना उमगणे हाच या पाठाचा गाभा आहे.

आपली भाषा या बाबतीत आपल्यापेक्षा सावध आहे. मोजणे, मापणे आणि जोखणे अशी तीन निरनिराळी क्रियापदे तिच्यात आहेत. मत्स्यव्यवसायाच्या धंद्यात ही तिन्ही क्रियापदे एकाच माशाला त्याच्या आयुष्यात क्रमाने लागू होतात. अंड्यातून नुकतेच निघालेले पिलू म्हणजे मत्स्यजिरे. जिऱ्याच्या दाण्याएवढ्या जिवाला काट्यावर कोण घालणार? तेव्हा लहानशा कपाने ते मापतात. एका कपातील पिले एकदा मोजावयाची आणि जितके कप तितक्या पटीने हिशेब धरावयाचा. आपल्या आजीने पायलीने ज्वारी मापली, त्यातलाच हा प्रकार. पुढे ते पिलू बोटाएवढे झाले की त्याला बोटुकली म्हणतात, म्हणजे नावातच लांबी आली. बोटुकल्या नगावर मोजून जलाशयात सोडतात. रोहू, कटला, मृगळ होऊन त्या बाजारात येतात, तेव्हा मात्र त्यांना तराजूवाचून गती नाही.

आता हिशेबाकडे वळू. वीस सेंटिमीटर लांबीचा एक रोहू शंभर ग्रॅम भरला असे समजा. त्याच ठेवणीचा चाळीस सेंटिमीटरचा रोहू किती भरेल? वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले दोनशे ग्रॅम म्हणतील. काही थोरही म्हणतील. खरे उत्तर आठशे ग्रॅमच्या आसपास आहे. मासा दुप्पट लांब झाला तेव्हा तो दुप्पट रुंद आणि दुप्पट जाडही झाला; दोन गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे आठ. हे मुलांना सांगून पटत नाही, करून पटते. एक सेंटिमीटर बाजूचे मातीचे ठोकळे करवावेत आणि दोन सेंटिमीटर बाजूचा ठोकळा रचावयास किती लागतात ते त्यांच्याच हातांनी पाहू द्यावे. प्राण्याचा आकार वाढला की सर्वच गोष्टी सारख्या पटीने वाढत नाहीत, ही गोष्ट गॅलिलिओने 1638 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाडांचे उदाहरण घेऊन मांडली होती. आपल्या ठोकळ्यांच्या पाठाचे कूळ इतके जुने आहे.

यावरून हात पसरून मासा दाखविणाराची गंमतही ध्यानात येते. त्याने लांबी सव्वापट फुगवून सांगितली, तर ऐकणाराच्या मनातील वजन जवळजवळ दुप्पट होते. पदरचे चार बोट घालून दुपटीचे पुण्य मिळत असेल, तर गळ टाकणारी मंडळी हातच पसरणार!

तथापि नुसत्या लांबीवरून वजन काढण्यात एक खोट राहते. मरळ लांबट व गोल अंगाची असते, कटला उंच पाठीचा व मोठ्या डोक्याचा असतो. तेव्हा लांबीबरोबर घेरही घ्यावा. पाठीच्या काट्यापाशी, जेथे अंग सर्वांत भरलेले असते तेथे, दोरा गुंडाळून घेर मापावा. पाश्चात्त्य देशांतील गळकऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: लांबी गुणिले घेराचा वर्ग, भागिले आठशे, मापे इंचांत, उत्तर पौंडांत. आपल्या दशमान मापांत तोच ठोकताळा असा होतो: सेंटिमीटरमधील लांबीस घेराच्या वर्गाने गुणावे व 29 ने भागावे, म्हणजे वजन ग्रॅममध्ये येते. साठ सेंटिमीटर लांब व चाळीस सेंटिमीटर घेराचा मासा यावरून सुमारे तीन हजार तीनशे ग्रॅम भरतो.

वरच्या वर्गांना शिकविणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे, कारण हा 29 आकाशातून पडलेला नाही. तेवढ्याच लांबीच्या व घेराच्या सरळ नळकांड्याचे घनफळ काढावयाचे तर साडेबाराने भागावे लागते. म्हणजे मासा हा त्या नळकांड्याच्या निम्म्याहून थोडा कमीच भरतो. दोन शंकू तळाला तळ लावून जोडले तर ते नळकांड्याच्या एक तृतीयांश भरतात. मासा दोन्ही टोकांना निमुळता असला तरी शंकूहून अंगाने गुबगुबीत, म्हणून तो या दोहोंच्या मध्ये बसतो. आणि घनसेंटिमीटरांचे ग्रॅम आपोआप होतात ते अशासाठी की हे मासे पोटातील वायूच्या पिशवीमुळे पाण्यात ना बुडत ना तरंगत. त्यांचे वजन तेवढ्याच पाण्याच्या वजनाइतके असते. एका माशात घनफळ, घनता आणि सरासरी हे तीन घटक येतात. तिन्हींसाठी निराळे तक्ते रंगविण्याची गरज नाही.

मग जोखणेच सरळ नव्हे काय? विक्रीपुरते होय. वैध मापनाचा कायदा आहे, काट्यावर शिक्का आहे, आणि कोणी दांडी मारलीच तर तक्रार करण्याची सोय आहे. पण वजन ही चंचल वस्तू आहे. पोट भरलेला मासा जड, उपाशी मासा हलका. गाभोळीने भरलेली मादी जड. तीच अंडी घालून मोकळी झाली की पातळ. सर्वांत ठळक उदाहरण आपल्या आठवडी बाजारातच आहे. ओल्या बोंबलाच्या अंगात बहुतांशी पाणीच असते. वाळला की त्याचे वजन ओल्या वजनाचा लहानसा अंश उरते, लांबी मात्र फारशी बदलत नाही. म्हणून सुक्या बोंबलावरून ओला बोंबील केवढा होता हे सांगावयाचे असेल, तर पट्टीला विचारावे, तराजूला नव्हे.

पट्टीचेही काही नियम आहेत. मासा सपाट फळीवर आडवा ठेवावा, तोंड मिटलेले असावे आणि ते शून्यापाशी ठोकलेल्या आडव्या पट्टीला टेकलेले असावे. फीत पोटाच्या फुगवट्यावरून घेतली तर माप वाढते. शेपटीच्या टोकापर्यंत मापले की बेचक्यापर्यंत, हे नोंदीत लिहिलेच पाहिजे. दोन मापांत बराच फरक पडतो, आणि न लिहिलेली नोंद पुढच्या माणसास निरुपयोगी होते.

हा केवळ वर्गातील खेळ नाही. पापलेट हा सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर झाला. त्याच वर्षी राज्य शासनाने समुद्रातील 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले. पापलेटासाठी ते 135 मिलिमीटर आहे. त्याहून लहान मासा धरला तर त्याला एकदाही अंडी घालण्याची संधी मिळत नाही, आणि पुढच्या वर्षीची जाळी रिकामी येतात. ही मर्यादा ग्रॅममध्ये न ठेवता मिलिमीटरमध्ये का ठेवली, हा प्रश्न मी आपल्यापुढे मुद्दाम ठेवतो. हेलकावणाऱ्या होडीत काटा स्थिर राहत नाही, पट्टी राहते, हे एक कारण सहज सुचते. दुसरे अधिक महत्त्वाचे आहे. मर्यादा वजनाची असती, तर गाभोळीने जड झालेली मादी अंडी घालण्यापूर्वीच त्या मर्यादेत बसली असती आणि तेवढ्याच लांबीचा सडपातळ मासा सुटला असता. म्हणजे जिला राखावयाचे तीच आधी जाळ्यात गेली असती! पापलेट पाचगणीला घाटाखालूनच येतो, आणि आपण तो किलोवर घेतो. किलोत चार बसले की दहा, हे गिऱ्हाईक किमतीसाठी पाहते. आपल्या मुलांनी ते पट्टीच्या दृष्टीनेही पाहावे. चौथी-पाचवीतील मुलाची वीत साधारण किती भरते ते मापून घ्या. 135 मिलिमीटर डोळ्यांपुढे उभे करावयास तिचा चांगला उपयोग होतो.

मोठ्या माशांच्या कीर्तीचीही हीच कथा आहे. आपल्या दख्खनच्या नद्यांतील महाशीर कर्नल साइक्स यांनी 1839 च्या सुमारास पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यावरून वर्णिला व त्याचे ‘खुद्री’ हे येथील नाव शास्त्रात गेले. त्याच्या कावेरी खोऱ्यातील मोठ्या भाईबंदाचा 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेचोपन्न किलोंचा विक्रम 1946 साली म्हैसूरच्या व्हॅन इंगन यांच्या नावावर लागला. त्या काळी विक्रम म्हणजे वजन, आणि मेलेल्या माशाला टांगून ते घेत. आता निराळा विचार आला आहे. इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन ही 1939 साली स्थापन झालेली संस्था अशा विक्रमांची नोंद ठेवते. तिने 2011 पासून लांबीचेही विक्रम घेण्यास सुरुवात केली. त्यासाठी अट अशी की मासा ठरलेल्या फळीवर मापून जिवंत सोडावयाचा. जबड्याला आकडा अडकवून काट्यावर टांगलेला जड मासा पाण्यात परत सोडला तरी जगेल याची खात्री नसते. महाडजवळच्या वाळण कोंडीत देवाचे म्हणून राखलेले महाशीर पाहावयास लोक जातात. तेथे त्यांना कोणी मापतही नाही आणि जोखतही नाही.

आता ज्या कारणासाठी मी हा विषय निवडला त्याकडे येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडमधील फुल्टन नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञाने लांबी व वजन यांचे भांडण मिटविण्याची एक युक्ती प्रचारात आणली. ग्रॅममधील वजनास शंभराने गुणावे आणि सेंटिमीटरमधील लांबीच्या घनाने भागावे. तीस सेंटिमीटरचे दोन रोहू घ्या: एक साडेतीनशे ग्रॅमचा, दुसरा दोनशे सत्तर ग्रॅमचा. पहिल्याचा अंक 1.3 येतो, दुसऱ्याचा 1. दोघांची लांबी तीच आहे. पण दुसऱ्याच्या पाण्यात काहीतरी कमी आहे. लांबी ही सांगाड्याची असते, ती एकदा वाढली की मागे येत नाही. वजन मागे येते. लांबी मासा आजवर किती वाढला ते सांगते, तर वजन त्याचे सध्या कसे चालले आहे ते सांगते. एकट्या आकड्यावरून यांपैकी एकच गोष्ट कळते.

आपल्या शाळांत मुलांची उंची व वजन नोंदविले जाते. आठ वर्षांच्या दोन मुली आहेत आणि दोघीही वीस किलोच्या आहेत असे समजा. नुसता वजनाचा रकाना पाहिला तर दोघी सारख्याच. पण एकीची उंची 115 सेंटिमीटर आहे व दुसरीची 128. पहिली खुजी राहिली आहे. तिच्या वाढीत कित्येक वर्षे कमतरता राहिली असण्याचा संभव आहे. दुसरी उंचीने ठीक आहे, परंतु तिच्या अंगावर मांस नाही. तिच्याकडे याच महिन्यात पाहिले पाहिजे, मागच्या पावसाळ्यात ती आजारी होती काय हे घरी जाऊन विचारले पाहिजे. बेल्जियमच्या क्वेटले यांनी 1830 च्या दशकात दाखवून दिले की थोर माणसांचे वजन उंचीच्या घनाने नव्हे तर जवळजवळ वर्गाने वाढते. उंच माणूस हा ठेंगण्या माणसाची सर्व बाजूंनी फुगविलेली प्रतिकृती नसतो. म्हणून मुलांसाठीही किलोग्रॅमला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागतात आणि येणारा अंक वयाच्या तक्त्याशी ताडून पाहतात. पहिल्या मुलीचा अंक 15 च्या वर येतो, दुसरीचा 12 च्या किंचित वर.

हा सगळा हिशेब उंचीच्या एका आकड्यावर उभा आहे, आणि तोच आकडा आपल्याकडे सर्वांत हेळसांडीने लिहिला जातो. एका शाळेच्या नोंदवहीत एका मुलाची उंची एका वर्षी 124 व पुढील वर्षी 122 अशी पाहिली. मुलगा आखडत नसतो; एकदा तो चपला घालून उभा होता आणि दुसऱ्यांदा अनवाणी, किंवा फीत भिंतीवर ढिली झाली होती. वर्गात उंची अंदाजे लिहिणे हे हात पसरून मासा दाखविण्यासारखेच आहे. फरक इतकाच की तेथे कोणाची भाकर अडत नाही.

काही शाळांत माळकरी घरची मुले आहेत. त्यांच्यापुढे मासा आणू नये, आणि आणण्याची गरजही नाही. मासा कागदावर आखून, मातीचा करून पाठ होतो. शिवाय आपल्या शिवारात स्ट्रॉबेरी आहे. दुप्पट रुंदीचे फळ आठपट भरते की नाही, हे मुले काट्यावर पाहू शकतात. टपोरी फळे व बारीक फळे निवडताना घरी जे चालते, त्याचे गणित त्यांना तेथेच सापडेल. स्ट्रॉबेरी हंगामात घ्यावी, एरवी बटाटे चालतील.

पुढील केंद्रसभेस येताना प्रत्येक शाळेने एक फळी करून आणावी. ती साठ सेंटिमीटर लांब असावी, तिच्या एका टोकास आडवी पट्टी ठोकलेली असावी आणि शून्य त्या पट्टीच्या आतल्या कडेपासून आखलेले असावे. आखणी शाईने करावी, खडू पुसला जातो. फळीसोबत पाचवीच्या दहा मुलांची उंची व वजन दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगवेगळ्या शिक्षकांनी स्वतंत्रपणे घेऊन आणावे. दुसऱ्याने पहिल्याचे आकडे पाहू नयेत. दोन्ही याद्या आपण शेजारी शेजारी ठेवून पाहणार आहोत.