मामांच्या १८० रेषा

आजचा भाग थोडा तांत्रिक आहे, पण कोडिंग येत नसलं तरी ऐका. आज विषय आहे ऑटोकॅडमधल्या समांतर रेषा, आणि त्या आपोआप काढायला जाऊन मी माझ्या मामांच्या कामाचा केलेला घोटाळा.

माझे मामा सांगलीत ड्राफ्ट्समन आहेत. आयटीआय करून ड्रॉइंग बोर्ड आणि मिनी ड्राफ्टरवर सुरुवात केली, नंतर ऑटोकॅड शिकले. गेल्या दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा ते एका प्लॉटिंगच्या लेआउटवर बसले होते. ३० रस्ते. प्रत्येक रस्त्याची मध्यरेषा काढलेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन रेषा हव्या. १२ मीटरचा रस्ता असेल तर मध्यापासून ३.५ मीटरवर डांबराची कड, ५.२ वर फूटपाथ संपतो, ६ वर गटार संपून प्लॉटची हद्द. म्हणजे एका रस्त्याला सहा, सगळ्या मिळून १८० रेषा.

ऑटोकॅडमध्ये यासाठी ऑफसेट कमांड आहे. अंतर टाका, रेष निवडा, कुठल्या बाजूला हवी तिकडे क्लिक करा. पण नवी रेष एरवी मूळ रेषेच्याच लेयरवर येते, मग तिचा लेयर बदला. एका रेषेला २० सेकंद धरले तरी १८० रेषांना एक तास. आता तुम्ही म्हणाल, तासाभराचं तर काम आहे! खरंय. पण मालक दुसऱ्या दिवशी फोन करून सांगतो, "हे चार रस्ते ९ मीटरचे करा." की पुन्हा पुसा, पुन्हा काढा. मामा मनगटाला पट्टा बांधून बसले होते, तो या माऊसमुळेच.

मल्टीलाइन नावाचा एक प्रकार आहे, तो मी आधी सुचवला. मामांनी लगेच उडवून लावला. त्यात वळणाचा कंस येत नाही आणि सगळ्या रेषा एकाच लेयरवर राहतात.

मग मी ऑटोलिस्प उघडलं. ही भाषा ऑटोकॅडमध्ये १९८६ पासून आहे, माझ्या जन्माच्या आधीपासून! नोटपॅडमध्ये लिहायचं, ॲपलोडने चढवायचं, झालं. (एलटी वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ही सोय एलटीमध्ये २०२४ च्या आवृत्तीपासूनच आहे.) तर्क सोपा आहे. अंतर आणि लेयर अशा जोड्यांची यादी करायची. निवडलेल्या प्रत्येक मध्यरेषेसाठी त्या यादीतून एकेक जोडी घ्यायची. रेषेवरचा एक बिंदू घ्यायचा, तिथल्या दिशेच्या काटकोनात सरकायचं आणि तो बिंदू ऑफसेटला 'ही बाजू' म्हणून द्यायचा. मग उलट बाजूला तेच.

पहिल्यांदा चालवलं तर काही रेषा भलत्याच बाजूला! कारण ऑब्जेक्ट स्नॅप चालू होता. प्रोग्रॅमने दिलेला बिंदूसुद्धा स्नॅप जवळच्या टोकाकडे ओढून नेतो. उपाय सगळ्यांना माहीत असतो: ऑसमोड शून्य करा, काम झालं की पूर्वीचा आकडा परत टाका. मी तेच केलं. १८० रेषा डोळ्यांदेखत उमटल्या. मामी चहा ठेवून बघत उभी राहिली. मी पुण्याला परत आलो, कॉलर ताठ.

चार दिवसांनी रात्री साडेआठला मामांचा फोन. "अरे, प्लॉटचं क्षेत्रफळच निघेना. बाउंड्रीला बंद आकार सापडत नाही. सकाळी दहाला फाइल द्यायचीय." स्क्रीन शेअर केली. झूम केलं तर प्लॉटच्या रेषा एकमेकींना टेकलेल्याच नाहीत. कुठे दोन सेंटिमीटर कमी, कुठे पाच जास्त. २२ प्लॉट असे.

झालं होतं असं. मामांनी प्रोग्रॅम चालवला, चुकीची मध्यरेषा निवडली म्हणून मध्येच एस्केप दाबलं. प्रोग्रॅम तिथेच थांबला. स्नॅप परत चालू करणारी ओळ अगदी शेवटी होती, ती चाललीच नाही. पुढचे दोन तास मामा स्नॅपशिवाय काढत राहिले. मी विचारलं, "मामा, टोकावर तो छोटा चौकोन येत नव्हता, ते जाणवलं नाही?" म्हणाले, "जाणवलं रे. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला."

यावर मला हसू आलं नाही. हीच फाइल तशीच गेली असती तर त्या मापांवरून जागेवर खुंट्या मारल्या गेल्या असत्या.

रात्री एक वाजेपर्यंत आम्ही दोघांनी ते २२ प्लॉट जोडले. मामा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "माझ्या हाताला सवय आहे, रेष टोकाला चिकटणार म्हणून. तू ती काढून घेतलीस आणि मला सांगितलंही नाहीस."

दुसऱ्या दिवशी मी तीन गोष्टी बदलल्या. तुम्हीही असं काही लिहीत असाल तर ऐका. एक, एरर हँडलर लिहिला. एस्केप दाबा नाहीतर चूक होऊ दे, ऑसमोड आणि चालू लेयर जागेवर येतातच. दोन, सगळं काम अनडूच्या एका गटात बांधलं. एकदा यू दाबलं की सगळ्या रेषा एकदम जातात. तीन, शेवटी कमांड लाइनवर मराठीत एक ओळ: इतक्या रेषा काढल्या, स्नॅप चालू आहे.

ही तिसरी ओळ मामांनी मागितली होती. कोडमध्ये ती सगळ्यात सोपी, आणि मला ती सुचली नव्हती. आपण दुसऱ्याचं काम आपोआप करतो तेव्हा त्याचं टेबल काही वेळ आपल्या ताब्यात असतं. उठताना प्रत्येक वस्तू होती तिथे ठेवायची, अर्धवट उठावं लागलं तरीही.

मामांचा पट्टा सुटलाय, बरं का. चार रस्ते ९ मीटरचे करायला आता एक मिनिटही लागत नाही. फक्त मालकाला ते अजून सांगत नाहीत!

चला, पुढच्या भागात भेटू.